बत्तीसची तिरपी रेघ

लिंबाजी ओव्हाळला चौथी मुलगी झाली तेव्हा सुईणीनंच तिचं नाव कडूबाई ठेवून टाकलं. मुलीचं नाव कडू ठेवलं की पाठीवर मुलगा येतो, अशी त्या भागातली समजूत. पाठीवर मुलगा आला नाही, नाव तेवढं राहिलं. शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर ‘कुमुदिनी’ लिहायची तयारी दाखवली. लिंबाजी हो म्हणणारच होता, तेवढ्यात सहा वर्षांची पोर टेबलाशी जाऊन म्हणाली, ‘‘माझं नाव कडूबाई हाय. तेच लिवा.’’ पुढं मॅट्रिकला, कॉलेजात, नोकरीच्या अर्जावर, जिथं जिथं कुणी चांगलं नाव सुचवलं तिथं तिनं हेच उत्तर दिलं. फक्त ‘लिवा’चं ‘लिहा’ झालं.

लिंबाजी विहिरी पाडायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच त्यानं गावकीची कामं टाकून दिली आणि हातात पहार घेतली. कळंब तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांत त्याच्या हातच्या विहिरी होत्या. काळ्या पाषाणात भोक पाडायचं, सुरुंग भरायचा, वात पेटवायची आणि दोराला धरून वर यायचं. पाणी लागेपर्यंत विहीर लिंबाजीची असायची. पाणी लागलं की ती गावाची व्हायची, आणि मग तिच्या काठावर त्याला कुणी उभं करत नसे. ह्या गोष्टीचा राग त्यानं कधी बोलून दाखवला नाही. कडूबाईनं मात्र तो वारशात घेतला आणि नीट सांभाळून ठेवला.

लिंबाजीजवळ एक विद्या होती. कोणत्याही विहिरीच्या काठावर उभं राहून तो खडा सोडायचा, जिभेनं टक्‌ टक्‌ करत कान द्यायचा आणि खोली सांगून टाकायचा. दोर सोडून पाहिलं तर हातभराचा फरक निघायचा, त्याहून जास्त नाही. कडूबाईनं एकदा त्याला विचारलं, हे कसं कळतं? त्यानं सांगितलं, ‘‘दगड खाली जाताना दमत न्हाय बाय. त्येला चेव चढत जातो. जितका खाली, तितका जोरात पळतो. तो चेव कानात बसला की झालं.’’

धाराशिवच्या कॉलेजात गेल्यावर हाच चेव तिला पुन्हा भेटला, पण ओळखू आला नाही. प्राध्यापक फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत समीकरणं लिहीत जायचे आणि शेवटी चौकटीत सूत्र टाकायचे. कडूबाई सूत्र पाठ करायची. वसतिगृहावर पोचेपर्यंत ते निम्मं गळून जायचं. एका दुपारी कंटाळून तिनं वहीच्या समासात एक आडवी रेघ मारली, ही वेळ. तिच्या टोकाला एक उभी रेघ, हा वेग. दगडाचा वेग सारखा वाढतो, म्हणजे कोपऱ्यातून वर चढत जाणारी एक सरळ तिरपी रेघ. खाली एक त्रिकोण तयार झाला. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. तेव्हा त्रिकोणाच्या पोटात जेवढी जागा, तेवढा दगड पडला. तिनं वेळेचे सारखे तुकडे करून त्रिकोण उभा कापला. पहिल्या पट्टीत एक छोटा त्रिकोण बसला. दुसऱ्या पट्टीत तसलेच तीन. तिसऱ्या पट्टीत पाच. बेरीज करत गेली तर एक, चार, नऊ.

ती कितीतरी वेळ त्या समासाकडं बघत राहिली. बापाचा चेव म्हणजे ह्या तिरप्या रेघेचा चढ. पुस्तकातलं गुरुत्वत्वरण ते हेच. ज्या आकड्याला पुस्तक स्थिरांक म्हणत होतं तो आकडा नव्हताच, तो एक कल होता, छपराला असतो तसा. दगड कुणीही सोडो, रेघ तेवढीच तिरपी.

त्या दिवसापासून तिला खोड लागली. काढून दाखवता येईपर्यंत कोणतीही राशी ती खरी मानायची नाही. हवेचा दाब म्हणजे आपल्या तळहातावर उभा असलेला चौतीस फूट उंच पाण्याचा खांब. म्हणूनच वर बसवलेला पंप त्याहून खोल विहिरीतलं पाणी ओढू शकत नाही. घनता म्हणजे एकाच वजनाचे दोन ठोकळे, एक पाण्याचा आणि एक लोखंडाचा, शेजारी ठेवलेले. दिव्याचा उजेड लांब गेला की का विरतो? एकाच खिडकीतून आलेला उजेड दुप्पट अंतरावर चार खिडक्यांएवढी भिंत झाकतो, तिप्पट अंतरावर नऊ. प्राध्यापकांनी तिला बजावलं होतं की परीक्षेत चित्रं काढू नकोस. तिनं काढली. दुसरा वर्ग मिळाला.

एकाहत्तर साली ती देवळोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला रुजू झाली. कळंबपासून नऊ मैलांवरचं गाव. नेमणूक तात्पुरती होती, दर जूनला नवा कागद मिळायचा. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव. गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमनही तेच. गाव त्यांना चेअरमनसाहेबच म्हणायचं. हेडमास्तर शिवलिंगप्पा सज्जन माणूस होते, पण कोणतंही वाक्य बोलण्याआधी ते चेअरमनसाहेबांना आवडेल का, हे मनात तपासून बघायचे. गावात कडूबाईला कुणी खोली दिली नाही. ती बौद्ध वस्तीत केशरबाई नावाच्या एका विधवा बाईकडं राहिली. केशरबाई तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, मजुरी करणाऱ्या, बोलायला फटकळ.

शिक्षकांच्या खोलीत कडूबाई पहिल्या दिवशी माठातलं पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी माठाशेजारी तिच्यासाठी एक वेगळा पेला ठेवलेला दिसला. तिनं तो उचलला आणि त्यात खडू ठेवायला सुरुवात केली. पाणी ती सगळ्यांच्याच पेल्यानं पीत राहिली. महिन्याभरानं त्यावर बोलायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

मग बहात्तरचं साल आलं. मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला. दिवाळीपर्यंत गावातले आड आटले. माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. वर्गात निम्मी बाकं रिकामी पडली, आणि जी मुलं यायची ती दुपारी खायला सरकारी सुकडी मिळते म्हणून यायची. गावच्या ओढ्याच्या काठी पाणीपुरवठा संस्थेची एक विहीर होती. ती खोल करायचं काम दुष्काळी कामात मंजूर झालं. डिसेंबरात दगड वर उचलायची यारी आली, सुरुंगवाले आले, दोन महिने धडाधड आवाज चालले. फेब्रुवारीच्या शेवटी सगळं सामान उचलून गेलं आणि विहिरीच्या कठड्यावर एक फलक लागला : ‘खोली ६० फूट. काम पूर्ण.’ पाणी लागलं नव्हतं. चेअरमनसाहेबांनी सांगितलं की साठ फुटांवर अखंड कातळ आहे, आणखी खाली गेलं तरी काही हाती लागणार नाही. गावानं ऐकून घेतलं. साठ फूट खणून पाणी लागत नसेल तर दोष कुणाला देणार? यारी आणि सुरुंगवाले तिथून निघून चेअरमनसाहेबांच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीवर गेले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याविषयी कुणी काही विचारलं नाही.

कडूबाईच्या मनातही काही नव्हतं. मार्चमध्ये तिला नववीला गुरुत्वत्वरण शिकवायचं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात एक मोडका तराजू आणि दोन भिंगं. तिला वाटलं, साठ फूट खोल कोरडी विहीर दाराशी आहे, खोली फलकावर लिहिलेली आहे. दगड सोडू, वेळ मोजू आणि पृथ्वीचा आकडा मुलांच्या हातानं काढू. अर्धे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, त्याला तोडगा होता. दोऱ्याला लोखंडी नट बांधून टांगला आणि वरच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत दोरा एक वीत आणि वर एक बोट ठेवला की त्याचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडचा प्रत्येक झोका अर्ध्या सेकंदाचा होतो.

एकतीस मुलंमुली विहिरीभोवती उभी राहिली. एकानं झोका धरला, बाकीच्यांनी मोठ्यानं मोजलं. नट कडेला आला की दगड सोडायचा आणि तळाशी आवाज होईल तो झोका लक्षात ठेवायचा. पहिला दगड गेला. एक, दोन, तीन, आणि तीनच्या पाठोपाठ खालून ठक्क आवाज आला. पुन्हा सोडला, पुन्हा तीन. वीस दगड सोडले, वीसही वेळा तीन.

मुलांनी जमिनीवर बसून हिशेब केला. साठ फूट, दीड सेकंद. पुस्तकात गुरुत्वत्वरण बत्तीस फूट दिलं होतं, मुलांचं त्रेपन्न आलं.

मुलं हिरमुसली. कुणी म्हणालं दोरा चुकला असेल, कुणी म्हणालं आमचेच कान चुकले. कडूबाई शाळेत गेली आणि हेडमास्तरांचं मनगटी घड्याळ मागून आणलं. एका मिनिटात झोके मोजले. बरोबर एकशे वीस. दोरा खरा होता. पुन्हा दहा दगड सोडले. तीन.

तिनं मैदान आखायची फक्की मागवली आणि विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत तो आपला जुना त्रिकोण काढला, माणूस आत उभा राहील एवढा मोठा. पहिल्या झोक्याच्या पट्टीत एक छोटा त्रिकोण, दुसऱ्या पट्टीत तीन, तिसऱ्या पट्टीत पाच. पुस्तकातल्या बत्तीसच्या चढानं अर्ध्या सेकंदात वेग सोळा फूट होतो, म्हणून एकेक त्रिकोण म्हणजे चार फूट पडणं, हे तिनं मुलांकडूनच काढून घेतलं. तीन झोक्यांचे नऊ त्रिकोण झाले. नवाचोक छत्तीस.

‘‘साठ फुटांना किती त्रिकोण लागतील?’’ तिनं विचारलं.

‘‘पंधरा,’’ मुलं म्हणाली.

‘‘मग चौथी पट्टी जवळजवळ भरायला पाहिजे. चौथ्या झोक्याला आवाज यायला पाहिजे.’’ ती त्या तिरप्या रेघेवर जाऊन उभी राहिली. ‘‘आपल्याजवळ तीन गोष्टी आहेत. वेळ आपण दोनदा तपासली. ही रेघ म्हणजे पृथ्वी. देवळोलीत जेवढी तिरपी, तेवढीच कळंबला, तेवढीच मुंबईला. कुणाच्या सांगण्यावरून ती उभी होत नाही. राहिलं काय?’’

एकेक करत एकतीस माना कठड्यावरच्या फलकाकडं वळल्या.

मुलांच्या तोंडून ही गोष्ट त्याच दिवशी घरोघर गेली. केशरबाईंनी भाकरी थापता थापता तिला सांगितलं की आता तुमची खैर न्हाय बाई, आणि सांगताना त्या गालात हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. न फुटलेला सुरुंग तळाशी राहिलाय, जिवाला धोका आहे, कुणी जवळ जाऊ नये, असं सांगत संस्थेचा माणूस तिथं उभा राहिला. आणि दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत कडूबाईला बोलावणं आलं. आत चेअरमनसाहेब बसले होते.

त्यांनी आवाज चढवला नाही. ते तसे आरडाओरडा करणारे नव्हतेच. बाई नव्या आहेत, हुशार आहेत, शाळेचं नाव काढतील, असं बरंच ते बोलले. मग म्हणाले की पोरांच्या खेळामुळं गावात नाहक चर्चा झाली आहे, ती थांबली पाहिजे. टेबलावर कोरा कागद होता. त्यांनी तो पुढं सरकवला.

‘‘प्रयोगात चूक झाली, एवढी एक ओळ लिहून द्या. विषय संपला.’’

‘‘चूक कुठं झाली ते सांगा, मग लिहिते,’’ कडूबाई म्हणाली.

‘‘ते मी कशाला सांगू? मी काय विज्ञानाचा मास्तर आहे?’’

‘‘मास्तर मी आहे. कुणी दाखवून देईपर्यंत चूक नाही असं धरा.’’

शिवलिंगप्पा खिडकीबाहेर बघू लागले. चेअरमनसाहेबांनी तिला शांतपणे आठवण करून दिली की तिची नेमणूक तात्पुरती आहे आणि जून फार लांब नाही. कडूबाईनं पेन उघडलं. कागदावर एक आडवी रेघ मारली, एक उभी, एक तिरपी. आत नऊ त्रिकोण काढले, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

‘‘हे काय?’’

‘‘मला एवढंच लिहिता येतं,’’ ती म्हणाली आणि तासाला निघून गेली. भीती वाटलीच नाही असं तिनं नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढं कातळात उतरणारा लिंबाजी होता. असला कागद त्याच्यापुढं कुणी सरकवलाही नसता, त्याला नुसतं बोटानं हाकललं असतं. आपल्यापुढं निदान कागद आला, तर तो आपल्या मनासारखा भरायचा, एवढं तिचं ठरलं होतं.

रविवारी पाणीपुरवठा संस्थेची सर्वसाधारण सभा होती, मारुतीच्या पारासमोर. कडूबाई सभासद नव्हती. सभेला बायका येत नसत, आणि बौद्ध वस्तीतले सभासद दोघेच, तेही मागं उभे राहायचे. ती सभा सुरू व्हायच्या आधी आली आणि फक्कीनं समोरच्या जमिनीवर त्रिकोण काढू लागली. लोक रांगोळी बघावी तसे बघत राहिले. चेअरमनसाहेब येईपर्यंत चित्र पुरं झालं होतं. त्यावरून चालत गेल्याशिवाय त्यांना आपल्या खुर्चीपर्यंत जाता येणार नव्हतं. ते वळसा घालून गेले. हे सगळ्यांनी पाहिलं.

बाईंना सभेत बोलायचा अधिकार नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. तेव्हा तात्याराव उठले. सत्तरीचे जुने शेतकरी, संस्थेचे अगदी पहिले सभासद, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले की बाईंना नसेल, मला हाय. मला ह्ये त्रिकोणाचं काही कळत न्हाय. पण एक कळतं. साठ हाय का छत्तीस, ह्ये दोर सोडला की दिसंल. चला, सोडू.

चेअरमनसाहेबांनी न फुटलेल्या सुरुंगाची गोष्ट सांगितली. लोक चुळबुळले. कडूबाई पुढं झाली.

‘‘त्या सुरुंगावर आम्ही तीस दगड टाकले. नाही फुटला. माझ्या बापानं उभा जन्म सुरुंग भरले. राहिलेला बार असला तर सुरुंगवाले तो तसाच टाकून मोसंबीच्या बागेत जात नाहीत, आधी तो काढतात. दोर कुणी सोडणार नसेल तर मी सोडते.’’

सभेत बारीक आवाज झाला. मोसंबीची बाग हे शब्द चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारले गेले होते.

तात्यारावांच्या गोठ्यात मोटेचा नाडा, म्हणजे जाड लांब दोर, पडून होता. वर्षभर त्याला पाणी लागलं नव्हतं. तो आला. काट्याचं कुंपण कुणी बाजूला केलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही, कारण पन्नासेक हात एकदम लागले. संस्थेचा माणूस आपोआप दूर झाला. नाड्याला दगड बांधून कडूबाईनं तो स्वतः खाली सोडला. नाडा खरबरीत होता, तळहात सोलले. दगड टेकला, नाडा ढिला पडला. तिनं कठड्याच्या पातळीला नाड्यावर खुणेची गाठ मारली आणि नाडा वर ओढला.

आता मोजायचा कशानं? कुणी हात म्हणालं, कुणी गज. तेवढ्यात गर्दीतून शिवलिंगप्पा पुढं आले. त्यांच्या हातात शाळेची लाकडी मीटरपट्टी होती. ती आणायला ते सभेतून उठून कधी गेले होते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चेअरमनसाहेबांकडं न बघता ते खाली गुडघ्यांवर बसले, धोतराचा सोगा आवरला आणि नाड्याला पट्टी लावत लावत मोठ्यानं मोजू लागले. अकरा पट्ट्या भरल्या आणि वर वीतभराहून थोडं जास्त उरलं. त्यांनी मान वर केली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं : ‘‘अकरा मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर. म्हणजे सदतीस फूट.’’

मग चेअरमनसाहेबच म्हणाले, ‘‘बाई तर छत्तीस म्हणाल्या होत्या. म्हणजे त्यांचंही चुकलंच.’’

‘‘चुकलं,’’ कडूबाई म्हणाली. ‘‘माझं एक फूट चुकलं. तुमचं तेवीस.’’

पहिलं हसू तात्यारावांना फुटलं. मग ते मागं, बौद्ध वस्तीतल्या दोन सभासदांपर्यंत पसरत गेलं. फलक रंगवणाऱ्यानं चूक केली असेल, असं चेअरमनसाहेब म्हणत होते, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. यारी आठ दिवसांत परत आणायचा ठराव सभेनं उभ्या उभ्या केला. त्याला चेअरमनसाहेबांनीही हात वर केला.

एप्रिलच्या शेवटी एक्कावन्न फुटांवर एका कपारीतून पाझर लागला. फार मोठा नव्हता. दिवसातून दोनदा विहीर गुडघाभर भरायची. पण देवळोलीनं तो उन्हाळा त्यावर काढला. पहिल्या दिवशी काठावर बाचाबाची झाली. वस्तीतल्या बायकांनी रांग वेगळी लावावी, आधी गावाचं होऊ द्यावं, असं दोघातिघांचं म्हणणं. कडूबाई केशरबाईंच्या मागं घागर घेऊन उभी होती, रांगेत सहावी. तिनं सांगितलं की आम्ही उभ्या आहोत तिथंच उभ्या राहणार आणि सहावा नंबर आला की पाणी काढणार. ज्याला घाई असेल त्यानं पहाटे लवकर यावं. केशरबाईंनी आणखी बरंच सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऊन चढत गेलं, रांग तशीच राहिली. सहावा नंबर आला तेव्हा तिनं पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि घागरीत ओतला. तिच्या बापानं पंधरा-वीस विहिरींना पाणी लावलं होतं, त्यातल्या एकीचंही पाणी त्याला असं काढता आलं नव्हतं. हे तिच्या मनात आलं, पण मागं रांग होती म्हणून ती थांबली नाही.

जूनमध्ये नवा कागद आला नाही. ‘सेवेची आवश्यकता नाही’ एवढं एका ओळीत कळवलं होतं. शिवलिंगप्पांनी तिला दाराशी गाठलं आणि आपण काही करू शकलो नाही म्हणून डोळे पुसले. तिनं त्यांना सांगितलं की तुम्ही पट्टी आणली, तेवढं पुष्कळ झालं. मग ती एसटीनं धाराशिवला गेली आणि शिक्षण खात्याच्या दारात अर्ज घेऊन बसली. अर्जात तिनं सगळी हकीकत लिहिली होती, चित्रासकट. चार वेळा गेली, चार वेळा अर्ज दिला. देवळोलीची नोकरी काही परत मिळाली नाही. पण पाचव्या खेपेला तिथल्याच एका कारकुनानं तिला सांगितलं की मुरुमच्या एका शाळेत विज्ञानाची जागा कायमची रिकामी आहे आणि कानडी मुलखाच्या कडेला कुणी जायला तयार नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली.

मुरुमात तिनं बारा वर्षं काढली. तिथल्या पोरांच्या घरी कानडी, शाळेत मराठी. सूत्राची भाषा दोन्हींहून तिसरी. चित्र मात्र सगळ्यांना एकाच भाषेत कळायचं. शाळेच्या मागच्या लांब भिंतीला तिनं स्वतः चुना दिला आणि वर्षाला एक-दोन अशी चित्रं काढत गेली. तळहातावरचा चौतीस फुटांचा पाण्याचा खांब भिंतीवर मावेना म्हणून तो तिनं शेजारच्या निंबाच्या बुंध्यावर खुणा करून वर फांदीपर्यंत नेला. लंबकाचा दोरा चौपट केला की झोक्याचा वेळ दुप्पट होतो, हे दाखवणारा चौकोन आणि त्याची बाजू होती. खिडकीतल्या उजेडाचे एक, चार, नऊ चौकोन होते. जवळच्या दूध संस्थेचे लोक दुधात पाणी किती ते सांगणाऱ्या, डिग्री बघण्याच्या नळीचं काम समजून घ्यायला एकदा तिच्या भिंतीशी आले. एकाच वजनाचे दुधाचे आणि पाण्याचे ठोकळे बघून, नळी पाण्यात जास्त का बुडते ते समजून परत गेले.

पंच्याऐंशी साली तपासणीला एक साहेब आले. त्यांनी भिंत बघितली, नाक मुरडलं आणि विचारलं, ‘‘असल्या चित्रांना परीक्षेत मार्क मिळतात का?’’

‘‘नाही मिळत.’’

‘‘मग?’’

‘‘मुलांना दिसतं,’’ कडूबाई म्हणाली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की विज्ञान शिक्षिका अभ्यासक्रमाबाहेरच्या आकृत्यांत वेळ घालवतात, भिंत पूर्ववत पांढरी करावी. शेरा वाचून सही करायची पद्धत होती. कडूबाईनं शेरा वाचला. त्याखाली तिनं ‘मान्य नाही’ असं लिहिलं आणि मग सही केली. तिथल्या हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. तिनं त्यांना सांगितलं की भिंत पांढरी करायला माणूस पाठवायचा तर जरूर पाठवा, पण त्याला आधी माझ्याकडून प्रत्येक चित्र समजून घ्यावं लागेल, आणि ते समजल्यावर तो कुंचला लावेल असं मला वाटत नाही.

माणूस कुणी आला नाही. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती चुन्याची बादली आणि काव घेऊन भिंतीच्या उरलेल्या कोपऱ्याशी गेली. तिथं तिला प्रकाशाचा वेग काढायचा होता. तिनं मध्यभागी खिळा ठोकला, दोरा बांधला आणि पृथ्वीचं मोठं वर्तुळ मारलं. प्रकाश एका सेकंदात पृथ्वीला जेवढे वेढे घालतो तेवढे, म्हणजे साडेसात, त्याभोवती घालायचे होते, आणि सातव्या वेढ्याला भिंत संपत होती. तिनं उरलेला अर्धा वेढा कोपऱ्यावरून वळवून पलीकडच्या, हेडमास्तरांच्या खोलीच्या भिंतीवर नेला.